अंधाचा दायभाग

घोरावाडीचें स्टेशन लहान आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल बेगडेवाडी सोडल्यावर तेथें क्षणभर थांबते आणि लगेच तळेगांवच्या वाटेला लागते. गेलीं सव्वीस वर्षें मी त्या फलाटावर उतरत आलों आहें. डब्याच्या दारापासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत किती पावलें पडतात, फरशी कोठें उखडली आहे, पावसाळ्यांत पाणी कोठें सांचतें, हें सारें मला पाठ आहे. पाठ करावें लागलें. कारण दिवेलागणीनंतर त्यांतलें मला कांहींच दिसत नाहीं. माझ्या खांद्यावरच्या पिशवींत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखालीं, चार ठिकाणीं दुमडणारी एक पांढरी काठी सहा वर्षें पडून होती. ती मीं बाहेर काढीत नव्हतों. कां काढीत नव्हतों याचा विचार करूं लागलों तेव्हां असें आढळलें कीं, हा प्रश्न डोळ्यांचा नसून नीतीचा आहे. आणि आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवूनही तो मला स्वतःपुढें नीट मांडतां आला नव्हता.

माझ्या रोगाला वैद्यकांत रेटिनायटिस पिग्मेंटोसा असें नांव आहे. डोळ्याच्या आंतल्या बाजूला मागें जें दृष्टिपटल पसरलेलें असतें, त्यांत प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. दंडाच्या आकाराच्या सुमारें बारा कोटि, आणि शंकूच्या आकाराच्या साठ लाखांच्या आसपास. पहिल्या अंधुक उजेडांत आणि कडेचें पाहण्यास उपयोगी पडतात. दुसऱ्यांच्या जिवावर आपण वाचतों, रंग ओळखतों, समोरच्याचा चेहरा निरखतों. या रोगांत बहुधा आधीं दंडपेशी मरतात आणि मागाहून शंकूंची पाळी येते. म्हणून रात्र प्रथम जाते, मग कडा जातात, आणि मध्यभाग सर्वांच्या शेवटीं. जगांत सुमारें चार हजार माणसांमागें एकाला हा रोग असतो असें मानितात.

लोकांची कल्पना अशी असते कीं, अशा माणसाला भोंवतालीं काळोखाचें कडें दिसत असावें. तसें कांहीं दिसत नाहीं. जें दिसत नाहीं तें काळें दिसत नाहीं, तें नसतेंच. वर्गांत उजव्या बाकावरचा विद्यार्थी हात वर करून उभा असतो आणि माझ्या लेखीं तेथें बाकही नसतें. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें: भुईवर घट दिसत नाहीं, म्हणून तो तेथें नाहीं. परंतु त्यांनीं त्याला एक अट घातली. घट असता तर तो दिसलाच असता, इतकी योग्यता पाहणाऱ्याच्या ठिकाणीं असली पाहिजे. हा भाग मीं अनेक वर्षें खडूनें फळ्यावर लिहून शिकविला; त्याचा अर्थ मात्र मला रस्त्यावर कळला. माझी योग्यता गेली आहे, पण ती गेल्याची वर्दी डोळा देत नाहीं. गुडघ्याला लागलेला दगडी कठडा ती देतो. ओळखीचीं माणसें शेजारून जातात, मान लववितात, आणि मी सरळ पुढें जातों. गांवांत मी घमेंडखोर म्हणून प्रसिद्ध आहें आणि कॉलेजांत विसराळू म्हणून. यांतली दुसरी प्रसिद्धि प्राध्यापकाला शोभून दिसते, म्हणून मीं ती जाणूनबुजून वाढविली.

हा रोग मला आईकडून आला. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, इंद्रायणीपलीकडच्या एका खेड्यांत भातशेती करीत. दिवे लागल्यावर ते ओसरीवरून उठत नसत. महाशिवरात्रीला आम्ही सारे घोराडेश्वराच्या डोंगरावर जात असूं. लेण्यांत महादेव आहे. बाहेर फाल्गुनाच्या तोंडचें रणरणतें ऊन आणि आंत एकदम काळोख. आजोबा दरवर्षीं लेण्याच्या तोंडाशीं बसून राहत व सर्वांना म्हणत, "तुम्ही या जाऊन." मी नऊ वर्षांचा असतांना इतरांबरोबर आंत शिरलों आणि जागच्या जागीं उभा राहिलों. भावंडें पुढें गेलीं, घंटा वाजली, आणि मी भिंत चांचपीत परत आलों. आजोबांनीं खांद्यावर हात ठेवला. "तुलाबी न्हाई व्हय दिसत?" एवढेंच ते म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनीं हात काढला नाहीं. घरीं आल्यावर मला शेळीचें काळीज भाजून देण्यास सुरुवात झाली. जीवनसत्त्वाच्या अभावानें येणाऱ्या रातांधळेपणावर तें औषध खरोखर लागू पडतें. आमचा रोग त्यांतला नव्हता.

रोग रक्तांतून उतरतात हें ज्ञान जुनें आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानांत व्याधींचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत आदिबलप्रवृत्त हा प्रकार आहे, आणि त्याचे मातृज व पितृज असे पोटभेद आहेत. नक्तांध्याचें वर्णन उत्तरतंत्रांत निराळें आहे. डोळ्याच्या आंत डोकावण्याचें साधन मात्र हेल्महोल्ट्झनें १८५१ सालीं शोधून काढिलें. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १८५७ सालीं, दोंडर्स या डच वैद्यानें या रोगाला आजचें नांव दिलें. १८६१ सालीं लीब्राइखनें बर्लिनमध्यें असें दाखविलें कीं, जवळच्या नात्यांत झालेल्या लग्नांच्या संततींत हा रोग अधिक आढळतो. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या आपल्या समाजाला त्यावरून पुष्कळ विचार करतां आला असता. इरावती कर्वे यांच्या आप्तसंबंधांवरील ग्रंथांत, १९५३ सालीं, त्या चालीचा सविस्तर ऊहापोह आहे. पण तो समाजशास्त्राचा. डोळ्यांच्या दवाखान्यांत त्याची दुसरी बाजू बसलेली असते.

माझा प्रकार मात्र नात्यांतल्या लग्नाचा नव्हे. माझा दोष एक्स या गुणसूत्रावरचा आहे. त्या गुणसूत्रावर या रोगाची जागा असल्याचा पुरावा शोमी भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केला, आणि आर्‌पीजीआर हें जनुक १९९६ सालीं हातीं लागलें. त्याचें गणित सोपें आणि निर्दय आहे. बाप आपल्या मुलाला एक्स देत नाहीं, म्हणून माझ्यासारख्याच्या मुलाला त्याच्याकडून हा रोग येत नाहीं. बाप आपल्या प्रत्येक मुलीला आपला एकुलता एक एक्स देतो, म्हणून माझी मुलगी ही निश्चित वाहक आहे. तिची दृष्टि बहुधा चांगली राहील, कदाचित् थोडी अधू होईल. पण तिला मुलगा झाला तर रुपया उडवून छापा कीं कांटा पाहावा, तसा प्रकार. रक्ताची तपासणी करून घेतली ती माझी. निकाल लागला तो तिचाही. एका माणसाच्या शरीरांतलें ज्ञान दुसऱ्याच्या न कळत त्याच्याबद्दलही बोलतें, ही गोष्ट माझ्या विषयावरच्या ग्रंथकारांच्या फारशी ध्यानांत आलेली दिसत नाहीं. त्यांचीं गुपितें नेहमीं एकेका माणसाचीं असतात.

येथें वारसा या शब्दाचा एक गमतीचा फेरा सांगतों. मनूनें जन्मांधाला दायभागांतून वगळिलें. त्याला पोटापुरतें अन्न आणि वस्त्र द्यावें, वांटा देऊं नये, असा तो निर्णय. धृतराष्ट्राचें राज्य याच न्यायानें पंडूकडे गेलें, आणि पुढचें सारें महाभारत आपल्याला माहीत आहे. मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपुरता हा प्रतिबंध १९२८ सालच्या एका कायद्यानें दूर झाला. तोंवर आंधळ्याला वारसा मिळत नसे. आमच्या घरांत आंधळेपणा हाच वारसा आहे, आणि तो नाकारण्याची सोय कोणत्याही स्मृतींत अथवा कायद्यांत नाहीं.

कायद्यानें माझें आणखी एक नवल केलें आहे. १९९५ सालच्या अधिनियमांत दृष्टीचें क्षेत्र वीस अंश किंवा त्याहून कमी असलें तर माणूस अंध ठरे. २०१६ सालच्या अधिनियमांत ती मर्यादा दहा अंशांखालीं आली. दहापासून चाळीसपर्यंतचा माणूस अल्पदृष्टि. त्या सालीं माझें क्षेत्र बारा अंशांचें होतें. म्हणजे संसदेनें एका सकाळीं मला आंधळ्याचा डोळस केलें. आतां तें पांच अंशांवर आलें आहे, आणि मी पुन्हां स्वपराक्रमानें पूर्वपदावर गेलों आहें. माझ्या प्रकारचे पुष्कळ रोगी चाळिशींतच वाचनाला मुकतात. मी छपन्नाव्या वर्षीं मोठें टाइप वाचतों, हें सुदैव.

तेव्हां काठीची गोष्ट. अंधाच्या काठीला पांढरा रंग १९२१ सालीं ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यानें दिला असें सांगतात. तो छायाचित्रकार होता, आणि अपघातानें त्याची दृष्टि गेली होती. रंग दिला तो स्वतःला दिसावा म्हणून नव्हे, इतरांना दिसावा म्हणून. काठी जमीन चांचपते हें तिचें निम्मेंच काम. उरलेलें निम्में काम बोलण्याचें आहे. ती उघडली कीं एक वाक्य उच्चारलें जातें. आणि मावळांतल्या लहान गांवांत तें वाक्य एका माणसापाशीं थांबत नाहीं. प्राध्यापकांना दिसत नाहीं. त्यांच्या आजोबांनाही दिसत नव्हतें. मग मुलीचें काय? माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यांत अभियंता आहे, आणि तिचीं स्थळें पाहणें चालू होतें. काठी पिशवींत राहिली ती यामुळें. मी माझा अंधार लपवीत नव्हतों, तिचें गुपित राखीत होतों, अशी मीं माझी समजूत घातली होती.

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस सायंकाळीं मी स्टेशनाबाहेर पडलों. तेथें एक बाई जांभळांची पाटी घेऊन बसत असे. त्या दिवशीं ती नेहमींच्या जागेपासून दोन हात अलीकडे बसली होती. माझा पाय सरळ पाटींत गेला. जांभळें रस्त्यावर गेलीं, मी गुडघ्यावर आपटलों, आणि ती ओरडली, "दिसत न्हाई का रं? पिऊन मेलाय मुडदा!" त्या क्षणीं माझ्यापुढें दोन वाटा होत्या. "मला दिसत नाहीं" हीं तीन अक्षरशः खरीं पदें उच्चारावीं, किंवा तिनें देऊं केलेला दारूड्याचा मुखवटा घ्यावा. मी उठलों, मान खालीं घातली, आणि अंमळ झोकांडी देत तेथून निघून गेलों. ती झोकांडी मीं मुद्दाम दिली. जांभळांचे पैसेही दिले नाहींत, कारण दारूडा पैसे देत नाहीं.

खोटें बोलण्याविषयीं कांटनें १७९७ सालीं जो निबंध लिहिला, त्यांत मारेकऱ्याशींही खोटें बोलूं नये असा त्याचा हट्ट आहे. तो शिकवितांना मी दरवर्षीं त्याची थोडी थट्टा करीत असें आणि मुलें हंसत. धर्मराजाचें उदाहरण मला अधिक मानवे: त्याचा रथ जमिनीपासून चार बोटें वर चाले, आणि एका अर्धसत्यासरशीं तो भुईला टेकला. त्यानें शब्द तरी खरा उच्चारला होता. मीं एक शब्दही न उच्चारतां केवळ पायांनीं खोटें बोलून दाखविलें. त्याच्या खोट्यानें द्रोण पडला. माझ्या खोट्यानें काय पडलें तें पंधरा दिवसांनीं कळलें. मुलीचें एक बोलणें बरेंच पुढें गेलें होतें. मुलाकडच्यांनीं गांवांत चौकशी केली. कोणीतरी सांगितलें, घर चांगलें आहे, पण वडील पितात.

मुलगी पुण्याहून आली आणि माझ्यासमोर बसली. मीं सगळें सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, दारूड्याची मुलगी व्हायला तुम्ही मला विचारलं होतं का?"

माझ्या पत्नीचें मत याहून अगदीं निराळें होतें, आणि तें मी येथें प्रामाणिकपणें मांडणार आहें, कारण त्याचा प्रतिवाद मला आजही पुरता साधत नाहीं. आमचें लग्न १९९५ सालीं झालें. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम भर दुपारीं ठेवला होता. तो दुपारींच असावा असा माझ्या आईचा आग्रह होता, आणि त्यामागचें कारण मला ठाऊक होतें. उजेडांत मीं चहाचा कप नीट उचलला, पोह्यांची बशी नीट खालीं ठेविली, आणि कांहीं बोललों नाहीं. लग्नानंतर महिन्याभरांतच एका रात्रीं रस्त्यानें चालतांना तिनें माझा दंड धरिला. त्यावर तिनें कधीं एक शब्द काढला नाहीं. तिच्यावर अन्याय झाला हें उघड आहे. लपवालपवीच्या विरुद्ध बोलण्याचा अधिकार या घरांत कोणाला असेल तर तो तिला. आणि तीच म्हणत होती कीं सांगूं नये. "मला कोणी सांगितलं नाही म्हणून मी या घरात आले. सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी मला दिलं नसतं. मग ही कुठून आली असती?"

ऑक्सफर्डच्या डेरेक पार्फिटनें १९८४ सालीं आपल्या ग्रंथांत हाच पेंच मोठ्या विस्तारानें मांडिला आहे: ज्या कृत्याविना एखादें माणूस जन्मालाच आलें नसतें, त्या कृत्यानें त्या माणसाचें नुकसान झालें असें कसें म्हणावें? तो ग्रंथ न वाचतां पत्नी त्याच्या गाभ्याशीं जाऊन पोंचली. मला एवढेंच सुचतें कीं, त्या दुपारचा अन्याय मुलीवर झालेला नाहीं. तो पत्नीवर झाला. तिनें निवडायचें तें आम्हीं परस्पर निवडलें. मुलगी झाली याचा आनंद आणि त्या दुपारची लाज या दोन्ही गोष्टी एका मनांत नांदूं शकतात. पण पहिलीनें दुसरी फिटते असें मला वाटत नाहीं. पत्नीला हें पटलें नाहीं. तिच्या मतें पुरुष लाजेला फार किंमत देतात.

तिचा दुसरा मुद्दा आशेचा होता. नातू होईपर्यंत औषध निघेल. मग आजच गांवभर कशाला करायचें? या आशेची मी थट्टा करीत नाहीं. डिसेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंत दृष्टिपटलाच्या एका वंशागत रोगावर जनुकाचा पहिला उपचार मंजूर झाला. पण तो आर्‌पीई६५ या एकाच जनुकाच्या दोषावर चालतो, आणि दोन डोळ्यांची त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यांत आली. या एका रोगाचे मूळ ऐंशींहून अधिक जनुकांत विखुरलेलें आहे. माझें जनुक निराळें. १९९३ सालीं एका मोठ्या प्रयोगानें अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनें ऱ्हास मंदावतो असें दाखविलें. तीस वर्षांनीं त्याच आंकड्यांची जनुकांच्या दृष्टीनें फेरतपासणी झाली तेव्हां तो लाभ दिसून आला नाहीं. आणि आर्गस नांवाच्या यंत्राची हकीकत तर नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत घालण्यासारखी आहे. डोळ्यांत बसविण्याच्या या कृत्रिम दृष्टिपटलाला अमेरिकेंत २०१३ सालीं परवानगी मिळाली. जगांत साडेतीनशेंहून अधिक लोकांनीं तें बसवून घेतलें. २०१९ सालीं कंपनीनें तें बनविणें थांबविलें, पुढच्या वर्षीं ती दिवाळखोरीच्या दारांत आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत तें यंत्र होतें त्यांना सुटे भाग मिळेनात. देहांत दुसऱ्याचा माल बसवितांना तो विकणारा किती वर्षें जगणार आहे, हेंही विचारावें लागतें.

आशा ठेवावी, पण आशेच्या भरंवशावर आजचें सत्य गहाण टाकतां येतें का? याचें उत्तर मला माझ्या बहिणीच्या घरीं मिळालें, आणि या साऱ्या प्रकरणांत माझा खरा अपराध कोणता असेल तर तो तेथें आहे. बहीण मला धाकटी. आईची मुलगी असल्यामुळें ती वाहक असण्याचा संभव निम्मा. तिला अकरा वर्षांचा मुलगा आहे. माझ्या रक्ताचा निकाल येऊन चार वर्षें झालीं होतीं, आणि मीं तिला तो कळविला नव्हता. तिला उगीच घोर नको, असें मी म्हणत असें. जांभळांच्या प्रकरणानंतर मीं तिला फोन केला. ती ऐकत राहिली, आणि मग तिनें सांगितलें कीं, मुलगा खेळांत झेल सोडतो म्हणून त्याला संघांतून काढिलें आहे. संध्याकाळीं तो दाराच्या चौकटीवर आदळतो. आणि वेंधळेपणाबद्दल वडिलांनीं त्याला दोनदां मारिलें आहे. तपासणींत त्यालाही हाच रोग निघाला. जो मार त्यानें खाल्ला तो माझ्या मौनाचा होता.

यावरून मला एक भेद स्पष्ट दिसूं लागला. ज्याच्या स्वतःच्या शरीरांत ती गोष्ट आहे किंवा असण्याचा संभव आहे, त्याला ती सांगणें हें कर्तव्य. तेथें घोर लागेल वगैरे सबबी चालणार नाहींत. ज्याला ती केवळ सोयरीक करण्यापूर्वीं जाणून घ्यावीशी वाटते, त्याचा हक्क निराळा आहे, आणि तो पुरविण्याचें काम ज्याचें लग्न व्हायचें त्याचें. कायदाही येथें फार मदत करीत नाहीं. हिंदु विवाह अधिनियमांत महत्त्वाची वस्तुस्थिति लपवून संमति मिळविली तर विवाह रद्द करून मागतां येतो. परंतु वधूचे डोळे चांगले असतांना तिच्या अजून न जन्मलेल्या मुलाचे डोळे ही वधूची वस्तुस्थिति आहे काय? पत्रिकेंतला मंगळ सांगितलाच पाहिजे आणि गुणसूत्र सांगूं नये, ही आपली रीत मात्र मला विचित्र वाटते. मंगळानें कोणी आंधळें झाल्याचें मीं पाहिलें नाहीं.

मुलीनें हा भेद माझ्याहून थोडक्यांत केला. "तुमचा रिपोर्ट म्हणजे माझाही रिपोर्ट, हे खरं. पण माझ्याबद्दल कोणाला काय सांगायचं ते मी ठरवणार. काठी तुमची आहे. ती तुम्ही घ्या. तिच्यावरून लोक पुढचं गणित करणार असतील तर करू देत." मीं तर्काची शंका काढली कीं, माझी काठी उघडल्यावर तिचें ठरविणें नांवापुरतेंच उरेल. ती म्हणाली, उरेल तेवढें पुरे. मी पायरीवरून पडून मेलों तर तिला तो हुंडा नको आहे.

एक प्रश्न आमच्यांत अर्धवट राहिला आहे. आतां गर्भ राहण्यापूर्वींच, प्रयोगशाळेंत, दोष असलेला बीजांकुर ओळखून बाजूला ठेवतां येतो. महाराष्ट्रानें गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा १९८८ सालीं, देशांत सर्वांच्या आधीं केला; देशाचा कायदा १९९४ सालचा. त्या कायद्यानें मुलगा कीं मुलगी हें पाहून निवड करण्यास बंदी केली, पण लिंगसंबद्ध वंशागत रोगांचें निदान करण्यास अटींवर वाव ठेविला. ज्या प्रांतांत मुली नकोशा झाल्या म्हणून कायदा करावा लागला, तेथें आमच्या रोगापुरती मुलगी सुरक्षित आणि मुलगा धोक्याचा, हा एक उलटा न्यायच म्हणावयाचा. मुलीनें मला सरळ विचारलें, "हे तंत्र तुमच्या आईच्या वेळी असतं, तर तुम्ही असता का, बाबा?" बहुधा नसतों. मग तें नको होतें का? येथें मी अडखळतों. रोग नको, असें मी निःशंक म्हणेन. भाच्याकडे पाहून तर शंभरदां म्हणेन. पण रोग नको आणि तो माणूस नको या दोन विधानांत अंतर आहे, आणि प्रयोगशाळेच्या कांचेखालीं तें अंतर राहत नाहीं. आजोबा लेण्याच्या तोंडाशीं बसत, तरी त्यांनीं साठ पावसाळे भात लाविला. रोपें हाताला लागतात, त्यांना डोळा लागत नाहीं, असें ते म्हणत. तिनें काय करावें हें मी तिला सांगितलेलें नाहीं. तो दायभाग तिचा आहे.

काठी मीं बाहेर काढली त्याला आतां दहा महिने झाले. ती वापरण्यास शिकावें लागतें. पाऊल डावें पडतांना टोंक उजवीकडे, आणि उजवें पडतांना डावीकडे. पन्नाशीनंतर असें चालायला शिकणें म्हणजे मोडी नव्यानें गिरविण्यासारखें आहे. पुण्यांत अंधांची शाळा १९३४ पासून आणि अंधजनांची संस्था १९५२ पासून आहे. सुशिक्षित माणूस तेथें सर्वांत उशिरा जातो. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची दृष्टि दृष्टिपटलाच्याच ऱ्हासानें तरुणपणीं गेली. ते मुंबईस मेणबत्त्या करण्यास शिकले आणि १९९४ सालीं त्यांनीं स्वतःचा धंदा उभा केला, ज्यांत आज कितीतरी अंध माणसें काम करितात. त्यांना पोटानें लवकर शिकविलें. मला पगार होता, म्हणून मी लपूं शकलों. घरांतही फेरफार झाले. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा आला. आमच्याकडे इंद्रायणी तांदळाचा भात असतो, आणि पांढऱ्या ताटांतला पांढरा भात मला कित्येक वर्षें दिसत नव्हता. मी बोटांनीं शोधून जेवीत असें आणि पत्नी मुकाट्यानें पाहत असे. एक दिवस ती गडद निळें ताट घेऊन आली. ताट बदलतां येतें हें इतक्या वर्षांत आम्हां दोघांना सुचलें नव्हतें, कारण सुचण्यासाठीं आधीं बोलावें लागतें.

त्या मुलाला माझ्या मुलीनें स्वतः भेटून सर्व सांगितलें. त्यानें विचार करायला वेळ मागितला आहे. दारूचा संशय फिटला, हें त्याच्या आईला बरें वाटल्याचें कळतें. बाकीचें उत्तर अजून आलेलें नाहीं.

जांभळांचा हंगाम पुन्हां सुरू झाला तेव्हां मी स्टेशनाबाहेर उभा राहून त्या बाईची चौकशी केली. ती त्याच जागीं होती. काठी पाहून तिनें पाटी आधींच मागें ओढली होती. मीं गेल्या वर्षीची हकीकत सांगितली आणि कितीचा माल गेला तें विचारलें. तिनें मला वरपासून खालपर्यंत पाहिलें असावें. मला फक्त बांगड्यांचा आवाज आला. "मंग तवाच सांगायचं व्हतं की, दादा," ती म्हणाली. "म्या किती शिव्या दिल्या तुमास्नी." मग तिनें हिशेब केला, आणि दोनशें ऐंशी रुपये सांगितले.